सन्मतीची स्वरमुद्रा

मशीन खोटं बोलत नाही, असं मला या वर्षभरात इतक्या शहाण्या माणसांनी सांगितलंय, की आता कुणी तोंड उघडलं की मीच आधी म्हणते, "हो बाबा, नाही बोलत." आणि गंमत म्हणजे ते खरं आहे. मशीननं आवाज बरोब्बर ओळखला. तो कुणाच्या नावावर आहे तेही बरोब्बर सांगितलं. तरीही माझा नवरा, सन्मती मगदूम, न केलेल्या गुन्ह्यासाठी पिंजऱ्यात उभा राहिला. कसा ते सांगते. मधे बोलू नका.

पोलीस आले तेव्हा मी गिरणीत होते. सांगलीत आमची पिठाची गिरणी आहे, माझ्या वडिलांची. तोंडाला फडकं, भुवया पिठानं पांढऱ्या, पट्ट्याचा आवाज एवढा की ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. फौजदारानं हातानंच बंद करायची खूण केली.

"सन्मती मगदूम कुठे आहेत? मगदूम कन्स्ट्रक्शनचे मालक."

"शेजारच्या गाळ्यात. मोटारी रिवाइंड करतात. काय झालं?"

"परवा ड्रेनेजच्या चरीत पाच मजूर गाडले गेले. माती सुटतेय असं मुकादमानं फोनवर सांगितलं होतं. तरी यांनी माणसं खाली उतरवायला लावली."

मला हसूच आलं. पाच माणसं मेली होती आणि मी हसले, देव मला क्षमा करो. "फोनवर? अहो साहेब, आमचा माणूस सांगलीत रिक्षावाल्याला 'थांबा' म्हणायला लागला तर मिरज येते."

फौजदार हसला नाही. त्यानं फोन पुढं धरला. आधी मुकादमाचा आवाज आला, धास्तावलेला: "शेठ, कडेची माती सुटाय लागलीया. थांबवू का?" मग दुसरा, खणखणीत, घाईतला: "अरे काय होत नाही. कालच आलतो की मी बघून. उतरवा सगळ्यांना."

माझं हसू तिथंच सुकलं. "हे सन्मती नाहीत," मी म्हटलं. "हे माझे मोठे दीर. वर्धमानदादा."

"बाई," तो म्हणाला, "आवाज कुणाचा ते आम्ही आता कानानं ठरवत नाही." आणि शेजारच्या गाळ्यातून त्यांनी सन्मतीला उठवलं. त्याच्या हातात अजून तांब्याची तार होती.

सन्मती तोतरा आहे. 'म'वर तर असा अडकतो की स्वतःचं आडनावसुद्धा त्याला परकं. लहानपणापासून त्याच्या वतीनं वर्धमानदादाच बोलायचे. दुकानात हा 'खा... खा...' करायला लागला की दादा मागून म्हणायचे, "खारी. पावशेर." पाहुण्यांत, शाळेत, बस्तीत म्हणजे आमच्या जैन देवळात पूजेच्या वेळी, सगळीकडं दादा त्याचं वाक्य पुरं करायचे. प्रेमानंच करायचे, खोटं कशाला बोलू? आईबाप लवकर गेले, दादांनीच त्याला वाढवलं. पण माणूस बोलायला लागला की त्याच्या तोंडातला शब्द काढून घ्यायचा आणि आपण बोलून टाकायचा, याची त्यांना सवयच लागली.

माझी आणि सन्मतीची ओळख गिरणीची मोटार जळाली तेव्हा झाली. मी बडबडी. पंचक्रोशीत माझ्या बडबडीला न कंटाळलेला हा एकटाच पुरुष. पुढं लक्षात आलं की त्यालाही काही म्हणायचं असायचं, आणि ते म्हणायला त्याला जागा लागायची. मग मी गप्प बसायला शिकले. मी, त्रिशला! माझ्या आईचा विश्वास बसेना. त्याचा शब्द बाहेर येईपर्यंत थांबायचं, मधे घुसायचं नाही, तोंडाकडं टक लावून बघायचं नाही. आणि शब्द आला की असा नेमका यायचा की थांबल्याचं सोनं व्हायचं.

लग्नात मात्र दादाच. नाव घ्या, नाव घ्या म्हणून बायकांनी गलका केला. सन्मती घामाघूम. मी थांबायला तयार होते, अख्खा मांडव मात्र तयार नव्हता. दादा पुढं आले आणि म्हणाले,

"सांगलीची हळद, तासगावचा मळा, गोड सारा गाव,
धाकट्याच्या वतीनं घेतो त्रिशलाचं नाव."

हशा झाला, टाळ्या पडल्या. मीही हसले. नवऱ्यानं माझं नाव घ्यायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत कागदाची किंमत गेली. सही, शिक्का, फोटो, पत्र, सगळं मशीन हुबेहूब बनवायला लागलं, आणि कुणाचं लिहिलेलं कुणी खरं मानेना. मग सरकारनं स्वरमुद्रा आणली. मशीनसमोर उभं राहायचं, ते देईल ते वाक्य तिथल्या तिथं म्हणायचं. ते ओठांची हालचाल बघतं, श्वास मोजतं, म्हणजे बनावट आवाज चालत नाही. एकदा नोंद झाली की तुमचा आवाज हीच तुमची सही. बँक, रेशन, सातबारा, कोर्टातली साक्ष, सगळं तोंडी. फोनही तसलेच निघाले. कामाच्या फोनवर बोललात की ते साठवलं जायचं, आणि तो शब्द म्हणजे करार. म्हातारी माणसं खूश झाली. म्हणाली, जुना काळ परत आला, आता जबानीला किंमत आली. बोलता येणाऱ्यांना सगळं सोपंच असतं.

नोंदणीचा कॅम्प बस्तीच्या हॉलमध्ये होता. सन्मती मशीनसमोर उभा राहिला. वाक्य आलं. हा पहिल्याच अक्षरावर अडकला. मशीन म्हणालं, "आवाज अपुरा. पुन्हा बोला." परत अडकला. परत "आवाज अपुरा." मागं ही रांग, आणि रांगेतून एक शहाणा म्हणतोय, "काय मर्दा, दिवस मावळवतोस काय?" मी त्या माणसाला काय ऐकवलं ते इथं सांगत नाही.

दादा तेव्हा मस्कतहून सुट्टीवर आले होते. परदेशात राहणाऱ्यांची नोंद तेव्हा घेत नव्हते, ते नुसते सोबत आले होते. "सरक जरा," ते म्हणाले, सन्मतीच्या खांद्यावरून वाकले आणि खडाखडा वाक्य म्हणून टाकलं. जिवंत ओठ हलले, मशीनला तेवढं पुरलं; ओठ कुणाचे हे बघायचं काम मशीनवरच्या मुलीचं, आणि ती दमली होती. "झालं एकदाचं," म्हणाली. चेहरा सन्मतीचा, अंगठा सन्मतीचा, आवाज वर्धमानचा. आणि सांगते, हॉलमधल्या एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. दादा सन्मतीच्या वतीनं बोलले, यात नवीन ते काय? आमच्या गल्लीत रोजचंच होतं ते.

वर्षभरानं दादा मस्कत सोडून कायमचे आले, स्वतःची नोंद करायला गेले. मशीन म्हणालं, "ही स्वरमुद्रा आधीच नोंदलेली आहे. नमस्कार, सन्मती मगदूम." घरी येऊन त्यांनी नक्कल करून दाखवली आणि आम्ही पोट धरधरून हसलो. मग कळलं की दुरुस्ती करायची तर आधी खोटी नोंद केल्याचा कबुलीजबाब द्यायचा, म्हणजे दोघांवर खटला. "राहू दे की," दादा म्हणाले. "मी बोलतो, नाव तुझं. आपल्यात काय वेगळं आहे?" मग त्यांनी ठेकेदारी सुरू केली ती सन्मतीच्या नावानं. दुसऱ्या कुणाच्या नावानं ते बोलूच शकत नव्हते. फोनवर ते 'सन्मतीशेठ'. मजूर बाहेरगावचे, त्यांनी शेठचा नुसता आवाज ऐकलेला. तोंडओळख एका मुकादमाची, आणि तो त्या चरीत सगळ्यात खाली होता.

कोर्टात सरकारच्या बाजूनं तज्ज्ञ म्हणून डॉ. नीलांबरी सोवनी आल्या. मला वाटलं होतं कुणी नाक उडवणारी बाई असेल. तशी नव्हती. जज देशमाने बाईंनी सांगितलं, सगळ्यांना कळेल असं बोला, तर खरंच तसं बोलल्या.

"प्रत्येकाचा घसा, टाळू, नाकाची पोकळी वेगळ्या मापाची असते," त्या म्हणाल्या. "त्यामुळं एकच शब्द दोघांनी म्हटला तरी त्यातल्या लहरींचा घाट वेगळा होतो. मशीन बोलण्याचे अगदी बारीक तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्याचे आकडे काढतं. लाखो लोकांचे असे आकडे शिकून त्यानं एक सर्वसाधारण आवाज मनात धरलेला आहे. तुमचा आवाज त्या सर्वसाधारणापासून कुठं आणि किती सरकतो, ती तुमची स्वरमुद्रा."

"आणि फोनवरचा आवाज?"

"मशीन 'हाच तो' असं कधी म्हणत नाही. ते म्हणतं, परक्या कुणाचा असण्यापेक्षा या नोंदीतल्या माणसाचा असण्याची शक्यता इतक्या पट जास्त. इथं ती लाखो पट आहे. बोलीही तपासली. आधी भाषा मराठी, मग दक्षिण महाराष्ट्र, मग सांगली-मिरज. 'आलतो' म्हणण्याची ढब, 'ळ' उच्चारायची पद्धत, सगळं आरोपीच्या घराशी जुळतं."

घराशी! अहो, जुळणारच! दोघं एकाच घरात वाढलेत ना! मी जागेवरून ओरडले तसं शिपायानं मला मागं दाराशी नेऊन उभं केलं.

आमचे वकील भोकरे, वयस्कर, सरळ माणूस. त्यांनी उलटतपासणीत विचारलं, "परक्या कुणापेक्षा, असं म्हणालात. त्या परक्यांत आरोपीचा सख्खा भाऊ होता का?" सोवनी बाई म्हणाल्या, "नाही. भावाची नोंद उपलब्ध नाही." मला वाटलं, जिंकलो! पण सरकारी वकील उठले आणि म्हणाले, नोंद नाही, धंदा नाही, फोन नाही, या भावाचा खटल्याशी संबंधच काय? आणि कायदा असा की मशीन ज्याच्याकडं बोट दाखवेल त्याचाच आवाज सक्तीनं घेता येतो. दुसऱ्याचा घ्यायचा तर त्याची राजीखुशी लागते.

कॅम्पातली गोष्ट मी साक्षीत सांगितली, तर आरोपीच्या बायकोची जबानी म्हणून मशीनच्या आकड्यापुढं ती कुणी धरली नाही. म्हणजे सगळं दादांच्या एका 'हो'वर आलं. मी थेट त्यांच्या घरी गेले. ऊन उतरत होतं, ते दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायला बसले होते. पाच माणसं मेली, भाऊ कोठडीत, आणि यांचा नेम चुकला नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"दादा, घास उतरतो कसा तुमच्या घशाखाली?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. "मी काय मुद्दाम केलं का गं? आदल्या दिवशी मजूर गेल्यावर बघून आलतो. माती बरी होती. काम मागं पडलं होतं..."

"ते कोर्टात सांगा. नुसतं जाऊन मशीनसमोर बोला. तुमचा आवाज आणि फोनवरचा एकच निघेल, आणि समोर दोन माणसं उभी दिसतील. आंधळ्यालाही कळेल."

"कळतंय मला. खरं, मला जेलची भीती वाटते, त्रिशला." हा एवढा दांडगा माणूस, पण आवाज कापत होता. "त्याला नाही वाटत तेवढी. तो गप्प राहू शकतो. मी चार दिवस आत गेलो तर वेडा होईन."

"म्हणून त्यानं जायचं?"

ते रडायला लागले. मग डोळे पुसून म्हणाले, "बोलतो. सोमवारी येतो आणि बोलतो. भावाच्या गळ्याशपथ."

सोमवारी दादा आले. गळ्याला मफलर गुंडाळलेला. मशीनसमोर बसले, ओठ हलवले आणि आतून नुसती हवा आली. "घसा बसलाय," ते कुजबुजले. मशीन म्हणालं, "आवाज अपुरा." पुढच्या सोमवारी परत तेच. भर वैशाखात, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असताना, हा माणूस मफलर बांधून फिरत होता! डॉक्टरचा दाखला आणला, स्वरयंत्राला सूज. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडचा घास काढल्यासारखे शब्द काढणारा माणूस स्वतःचे शब्द द्यायची वेळ आल्यावर मुका झाला. भोकरे वकिलांनी हात टेकले. राजीखुशी देतो म्हणणाऱ्यावर सक्तीही करता येईना.

आणि तिकडं तुरुंगात मी भेटायला गेले तर दुसराच तमाशा. तिथं काचेपलीकडून फोनवर बोलायचं, आणि फोन कैद्याच्या स्वरमुद्रेनंच उघडतो. सन्मतीनं रिसीव्हर घेतला, नाव सांगायला लागला. "आवाज अपुरा," फोन म्हणाला. भेटीची वेळ संपेस्तोवर तो प्रयत्न करत राहिला, आणि फोन त्याला 'अपुरा, अपुरा' म्हणत राहिला. मी तुरुंगाच्या दारातूनच भोकऱ्यांना फोन केला. "अहो, त्यांचंच मशीन सांगतंय की हा सन्मती मगदूम नाही!"

"नाही म्हणत नाहीये," ते म्हणाले. "अपुरा म्हणतंय. दोन्हीत फरक आहे."

तो फरक सोवनी बाईंनी मला कोर्टाच्या व्हरांड्यात समजावून सांगितला. मशीन ऐकायला लागण्याआधी बोलण्यातली सगळी शांतता कापून फेकून देतं. शांततेत माहिती नसते, असं ते धरून चालतं. राहिलेल्या आवाजावर हिशेब करतं. "तुमच्या मिस्टरांच्या बोलण्यात थांबणंच जास्त आहे," त्या म्हणाल्या, "कापल्यावर हातात फारसं उरत नाही. सलग आवाज मिळाला तर मशीन 'हा वेगळा माणूस आहे' असं म्हणू शकेल. आत्ता सरकारी वकील म्हणताहेत की ते मुद्दाम अडखळतात."

सलग आवाज. होता माझ्याकडं!

तोतरी माणसं गाताना अडखळत नाहीत. कुणालाही विचारा. सन्मती बस्तीत सगळ्यांबरोबर णमोकार मंत्र म्हणतो तेव्हा पाण्यासारखा वाहतो. आणि आमची चंदना तान्ही असताना तिला झोपवायला तो गायचा, स्वतःच काहीबाही जुळवून. तार गुंडाळते बाबाची मोटार, पीठ दळते आईची गिरणी, असलं काहीतरी. दाराआडून मी ते चोरून फोनवर घेतलं होतं. नवऱ्याचा एकट्याचा सलग आवाज मला तेवढ्याच वेळा ऐकायला मिळाला होता. ती माझी ठेव होती. आजवर कुणाला ऐकवली नव्हती.

भोकरे म्हणाले, "विचार करा, ताई. सख्ख्या भावांचे आवाज. उलटंही पडू शकतं."

"कसलं उलटं? माझे कान आहेत ना! दादांचा आवाज परातीवर उलथणं आपटल्यासारखा, आणि यांचा मऊ. लहान पोरही सांगेल." माझा कानावर विश्वास. बारा महिने गिरणीच्या खडखडाटात कोणता पट्टा सैल झालाय ते मी आवाजावरून सांगते. मी हट्टच धरला.

कोर्टात माझ्या लेकीची अंगाई लावली. जज बाई खाली बघत होत्या. सन्मती पिंजऱ्यात डोळे मिटून उभा होता, त्याला ठाऊकच नव्हतं की मी ते घेतलं होतं. मग मशीननं हिशेब केला. नोंदीतल्या आवाजाशी जुळणी मशीननं धरलेल्या उंबरठ्याच्या वर. फार नाही, थोडीशी. पण वर.

सोवनी बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की गाण्यात चूक व्हायची शक्यता जास्त, भावाभावांचे घसे एकाच साच्यातले असतात, त्यामुळं हा आकडा जपून घ्यावा. पण आकडा आकडा असतो. सरकारी वकील म्हणाले, "म्हणजे आरोपी अस्खलित बोलू शकतो. आणि बोलतो तेव्हा आवाज जुळतो. पुरावा त्यांच्या पत्नीनंच दिलाय." मला जमीन दुभंगून पोटात घ्यावं असं झालं. माझ्या हातानं मी त्याला बांधून दिलं होतं. घरी येऊन मी ते गाणं पुसून टाकलं. आता तेही नाही.

शेवटच्या तारखेला भोकऱ्यांनी एकच विनंती केली. आरोपीला स्वतः सांगू द्या, पण मशीनविना आणि घाईविना. जज देशमाने बाईंनी चष्मा काढून ठेवला. त्यांनाही त्या आकड्यानं समाधान नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"रेकॉर्डिंग बंद करा," त्या म्हणाल्या. "आज मी माझ्या कानांनी ऐकणार. सन्मती, चरीत माणसं उतरवायला सांगणारा आवाज कुणाचा? सावकाश सांगा. संध्याकाळ झाली तरी मी थांबेन."

माझे डोळे भरून आले. दुसरं कुणी त्याच्यासाठी थांबतंय, हे मी पहिल्यांदाच बघत होते. माझ्या शेजारच्या बाकावर मुकादमाची बायको बसली होती, पदर तोंडाला लावून. मागच्या बाकावर दादा, मफलर घालून.

सन्मती बोलला नाही.

लोकांना वाटलं, अडकला. पुढची माणसं हळहळायला लागली. भोकरे वकिलांनी मूठ आवळली, बाहेर काढा, काढा शब्द, अशी. पण मी त्याची बायको आहे. सन्मती अडकतो तेव्हा त्याची मान ताठ होते, गळ्याची शीर फुगते, उजवा डोळा बारीक होतो, सगळं अंग त्या एका अक्षराला ढकलत असतं. आता तसलं काही नव्हतं. खांदे सैल होते. श्वास संथ चालला होता. ओठ नुसते मिटलेले होते, तो रात्री झोपतो तेव्हा मिटतात तसे.

तो अडकला नव्हता. तो गप्प बसला होता.

"बोलायला त्रास होत असेल तर बोलू नका," जज बाई म्हणाल्या. "तो माणूस इथं हजर असेल तर नुसतं बोट दाखवा. मी तेही ऐकलं असं धरीन."

सन्मतीनं मागच्या बाकाकडं बघितलं. दादांनी मान खाली घातली. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. आणि दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकात एक अडकवले.

"दाखव!" मी किंचाळले. "सन्मती, दाखव की रे! तुला पोरगी आहे!"

त्यानं हात सोडले नाहीत. मुकादमाची बायको माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "बघा बाई, पाप बोलू देत न्हाई." तिला मी काय सांगणार होते? तिचा माणूस मातीखाली गेला होता, तिला कुणीतरी दोषी हवा होता, आणि माझा माणूस स्वतःहून उभा राहिला होता.

सात वर्षं सक्तमजुरी.

बाहेर व्हरांड्यात दादा माझ्यामागं धावत आले. मफलर सुटून लोंबत होता, आणि आवाज काय खणखणीत! "त्रिशला, ऐक, त्याला असं म्हणायचं होतं की..."

त्या माणसाला तेव्हाही सन्मतीचं वाक्य पुरं करायचं होतं. मी त्यांच्या तोंडावर हात मारला. सगळ्यांसमोर, थोरल्या दिराला. ते गाल धरून उभे राहिले, आणि मला त्याचं ना बरं वाटलं ना वाईट.

त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं, त्यासाठी दादा कशाला? 'आयुष्यभर दादा माझ्यासाठी बोलले, आता मी त्यांच्यासाठी गप्प बसतो.' हेच ना? भावाचं ऋण फेडलं. आणि माझं? एकेका शब्दासाठी मी थांबले, कधी पुढं ढकललं नाही, कधी मागं ओढलं नाही. आज आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता त्याला काही करता येणार होतं, बोटभर काही. ते त्यानं मला दिलं नाही. मला त्याचा राग आला, आणि तो राग अजून तसाच आहे. तो चांगला माणूस आहे म्हणून तो कमी होत नाही.

पोलिसांची गाडी आवारात उभी होती. त्याला चढवताना त्यानं मला बघितलं आणि पायरीवरच थांबला. मान ताठ झाली. गळ्याची शीर फुगली. जीभ दातांमागं दाबली गेली, 'त्र'वर. माझं नाव. या वेळी तो खरंच अडकला होता, आणि सगळं अंग त्या एका अक्षराला ढकलत होतं. हवालदार भला माणूस, त्यानं दंडावरचा हात सैल केला आणि तोही थांबला.

मी थांबले नाही. पाठ फिरवली आणि फाटकाबाहेर चालू लागले.